आकडा तोच

हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

जुलैतल्या एका दुपारी मी ताईकडे, गोव्यातल्या आमोण्याला गेलो होतो. बाहेर पावसाची झोड उठली होती आणि ताई पडवीत सूप घेऊन टाकळ्याची कोवळी पाने खुडत बसली होती. वर त्याला चहा नेऊन दे, पण दार हळू लोट, मीटिंग चालू असेल, असे तिने बजावले. माडीवरच्या खोलीत माझा भाचा लॅपटॉपसमोर ताठ बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली हाफ पँट, कानांवर भलामोठा काळा हेडफोन. त्याची वायर टेबलाच्या कडेवरून खाली आली होती आणि तिचे पिवळे टोक पंख्याच्या वाऱ्याने जमिनीपासून वीतभर उंचीवर हलत होते. पडद्यावर एक्सेलचा तक्ता उघडा होता, त्यात एकही आकडा नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझी नजर कुठे आहे ते पाहिले, आणि पुन्हा त्या रिकाम्या तक्त्याकडे तोंड केले. मी कप ठेवून खाली आलो. "मीटिंग आहे ना?" ताईने विचारले. "आहे," मी म्हणालो आणि तिच्यासमोर बसून टाकळा खुडू लागलो.

तो बंगळुरूला एका कंपनीत व्हिडिओ गेम तपासण्याचे काम करत असे. हे काम म्हणजे नेमके काय, ते सासरच्या माणसांना समजावून सांगणे ताईला कधी जमले नाही. खेळण्याचा पगार कोण देतो, या प्रश्नापाशी प्रत्येक बोलणे अडायचे. एका दिवाळीत त्याने ते काम मला करून दाखवले होते. पडद्यावर एक दगडी किल्ला होता आणि त्यातला शिपाई भिंतीला खांदा घासत पावलापावलाने पुढे सरकत होता. प्रत्येक कोपऱ्यात भाचा त्याला थांबवी, उडी मारायला लावी, गुडघ्यांवर बसवी, गर्रकन वळवी, आणि मग पुढच्या कोपऱ्याकडे नेई. बराच वेळ एकही शत्रू समोर आला नाही, कारण शत्रू त्याने बंदच करून ठेवले होते. मला पेंग येऊ लागली, तेवढ्यात एका बुरुजाच्या पायथ्याशी शिपायाचा हात दगडात शिरला, मागोमाग खांदा शिरला, आणि बघता बघता तो जमिनीतून आरपार खाली कोसळू लागला. आता अख्खा किल्ला खालच्या बाजूने दिसत होता. त्याला पाया नव्हता, जाडी नव्हती, खाली नुसती निळी पोकळी होती. भाच्याचा चेहरा उजळला. त्याने तेच पुन्हा दहा वेळा करून पाहिले आणि नोंद लिहिली: बुरूज कुठला, तोंड कोणत्या दिशेला, हातात शस्त्र कोणते, दहातून किती वेळा पडला. "पुन्हा घडवून दाखवता आलं नाही, तर ते कुणी मनावर घेत नाही, मामा," तो म्हणाला होता.

एकेका खेळामागे असे महिनोन् महिने जातात. अखेर खेळ बाजारात येतो तेव्हा शेवटी लांबलचक नामावळी सरकत जाते आणि तीत तपासणाऱ्यांची नावे पार तळाशी, बारीक अक्षरांत येतात. ताईच्या फोनमध्ये अशा एका नामावळीचा फोटो आहे, पडदा थांबवून काढलेला, आणि मुलाच्या नावाभोवती तिने लाल गोल केला आहे. खेळ पुरा होण्याआधी माणूस नोकरीतून गेला तर त्याचे नाव त्या यादीत येईलच अशी खात्री नसते, ही त्या धंद्यातली जुनी तक्रार आहे. खेळच रद्द झाला तर यादी निघतच नाही.

त्याच पंधरवड्यात मायक्रोसॉफ्टची बातमी आली होती. भाच्याच्या कंपनीचा तिच्याशी संबंध नव्हता, पण त्या दुपारनंतर मी ती बातमी वेगळ्या लक्षाने वाचू लागलो. २ जुलै २०२५ रोजी, म्हणजे कंपनीचे नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सुमारे ९,००० माणसांना कामावरून कमी करण्यात येत असल्याचे जाहीर झाले. त्याआधी मे महिन्यात सुमारे ६,००० गेले होते. या वेळी एक्सबॉक्सच्या म्हणजे गेम विभागाच्या वाट्याला बरेच काही आले. 'परफेक्ट डार्क' हा अनेक वर्षे घडत असलेला खेळ रद्द झाला आणि तो घडवणारा 'द इनिशिएटिव्ह' हा स्टुडिओच बंद झाला. इंग्लंडमधल्या 'रेअर' या जुन्या स्टुडिओचा 'एव्हरवाइल्ड' २०१९ मध्ये जाहीर झाला होता, तोही गुंडाळला गेला. त्या वेळी गेम विभागाचे प्रमुख असलेले फिल स्पेन्सर यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिले आणि त्यात कबूल केले की आपल्याकडे खेळाडू, खेळ आणि खेळण्याचे तास आज कधी नव्हते इतके आहेत. एवढे सगळे असताना माणसे कमी का, याचे उत्तर त्या पत्रात होते, पण ते भविष्यकाळात होते.

या विभागात असे पहिल्यांदा घडत नव्हते. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी जवळजवळ ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली, तो व्यवहार १३ ऑक्टोबर २०२३ रोजी पूर्ण झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातली १,९०० पदे कमी झाली. सप्टेंबरमध्ये आणखी ६५० गेली. खरेदीचा मुहूर्त आणि कपातीचा मुहूर्त यांमध्ये एक दिवाळी आणि एक नाताळ एवढेच अंतर होते.

मी बारावीच्या मुलांना अकाउंटन्सी शिकवतो. त्यामुळे कुठल्याही बातमीतला आकडा दिसला की त्याची दुसरी बाजू कुठे आहे ते शोधण्याची खोड हाताला लागली आहे. ती शोधली. ३० जून २०२५ रोजी संपलेल्या वर्षात मायक्रोसॉफ्टचे उत्पन्न २८१ अब्ज डॉलरहून जास्त आणि निव्वळ नफा १०१ अब्ज डॉलरहून जास्त होता, आणि दोन्ही आदल्या वर्षापेक्षा चांगलेच वाढले होते. त्या जुलैच्या अखेरीस कंपनीचे बाजारमूल्य ४ लाख कोटी डॉलरच्या पुढे जाऊन आले. हे सगळे अपेक्षित होते. मोठ्या कंपन्या नफ्यात असतानाही माणसे काढतात हे आता कोणाला नवे नाही. मी थबकलो तो दुसऱ्याच एका ओळीपाशी. जून २०२४ च्या अखेरीस कंपनीत सुमारे २ लाख २८ हजार माणसे होती. जून २०२५ च्या अखेरीस किती? सुमारे २ लाख २८ हजार. जुलैचे ९,००० या दुसऱ्या आकड्यात अजून धरलेले असणार हे मला कळते, शिकवणे माझे तेच आहे. पण २४ जुलैला मुख्याधिकारी सत्या नडेला यांनी जे पत्र लिहिले, त्यात त्यांनी स्वतःच म्हटले की कंपनीची भरभराट होते आहे, एकूण मनुष्यबळ जवळजवळ होते तेवढेच आहे, आणि तरीही कपात झाली आहे, ही विसंगती वाटते, आणि ही कपात त्यांच्या मनावर ओझे होऊन बसली आहे. म्हणजे माणसे घटली नव्हती. काही हजार इकडून गेली, काही हजार तिकडून आली, आणि तेरीज जुळली.

हे वाचताना मला फोंड्याचा एक सायबर कॅफे आठवला.

माझा या खेळांशी आलेला संबंध जुना आणि तोकडा आहे. २००१ च्या सुमारास फोंड्याच्या बाजारात एका जिन्याखालच्या गाळ्यात सहा संगणक होते. चपला बाहेर काढून आत जावे लागे, वातानुकूलन यंत्राला ओल्या गोणपाटाचा वास येई, आणि कॉलेज सुटल्यावर आम्ही मुले तासाचे पैसे वर्गणीने भरून 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग खेळत असू. हा खेळ मायक्रोसॉफ्टनेच बाजारात आणला होता. त्यात सुरुवातीला मूठभर गावकरी मिळतात. ते लाकूड तोडतात, शेते पेरतात, सोने खणतात, घरे बांधतात, आणि सगळ्या राज्याचा डोलारा त्यांच्या जिवावर उभा राहतो. एखादा गावकरी रिकामा उभा असेल तर त्याला शोधून काढायला वेगळे बटण होते. ते दाबले की पडदा थेट त्या बिचाऱ्यावर जाऊन थांबे. मात्र लोकसंख्येला मर्यादा असे. ती गाठली की एकही नवा घोडेस्वार घडवता येत नसे. तेव्हा आमच्यातला तरबेज मुलगा एक साधी गोष्ट करी. शेतात वाकलेल्या माणसावर क्लिक करून तो डिलीटची कळ दाबी. तो माणूस ओरडून आडवा पडे, वरचा आकडा एकाने उतरे, आणि तेवढ्या जागेत घोडेस्वार उभा राही. "पाच शेतकरी उडव" असे आम्ही एकमेकांना ओरडून सांगत असू आणि त्यात कोणालाही काही वाटत नसे.

यातली एक बारकाई तेव्हा लक्षात आली नव्हती. कोठारात धान्य कमी असेल तेव्हा शेतकऱ्याला हात लावण्याची कोणाची छाती नसे, कारण तो गेला तर सगळेच बुडणार. उडवाउडवी व्हायची ती कोठार ओसंडून वाहत असताना. शेतकऱ्याने आपले काम इतके चोख केलेले असे की आता त्याची गरज उरली नव्हती, आणि त्याने व्यापलेली जागा मात्र हवी होती. जून २०२५ मध्ये संपलेल्या ज्या आर्थिक वर्षात मायक्रोसॉफ्टने माणसांची ही हलवाहलव केली, त्याच वर्षात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या डेटा सेंटरवर ८० अब्ज डॉलर खर्च करण्याचे ठरवले होते. पैशाचा तोटा भरून काढायचा नव्हता. पैसा दुसरीकडे वळवायचा होता.

हा खेळ घडवणाऱ्यांचे पुढे काय झाले ते मी अलीकडेच वाचले. डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजचा तो खेळ. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ विकत घेतला. सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या लोकांना सांगण्यात आले की हातातला 'हेलो वॉर्स' पूर्ण झाला की स्टुडिओ बंद होईल. आपल्या नोकरीचा शेवटचा दिवस आपल्याच कामाच्या पूर्ततेवर टांगलेला आहे हे ठाऊक असून त्यांनी तो खेळ पूर्ण केला. जानेवारी २००९ मध्ये स्टुडिओ बंद झाला. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपल्या इतिहासातली पहिली मोठी सरसकट कपात जाहीर केली, ५,००० पदांपर्यंतची. पण तेव्हा जगभर मंदी होती. कोणी विचारले तर सांगायला एक शब्द होता आणि तो ऐकणाऱ्यालाही ठाऊक होता.

आमच्याकडे तो शब्द 'बंदी' होता. आमोण्यासारख्या गावात खाण बंद होणे म्हणजे काय, हे गोव्यातल्या वाचकांना मी सांगायला नको. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०१४ मध्ये ती उठली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून सगळे पुन्हा ठप्प झाले. ताईच्या थोरल्या दिरांचे खनिज वाहणारे दोन ट्रक होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. चांगल्या दिवसांत त्यांच्या घरी बोलणे फक्त ट्रिपांचे असे. आज किती झाल्या, जेटीवर रांग किती होती, बार्ज भरायला किती वेळ गेला. रस्त्याकडेच्या आंब्याची पाने बारा महिने तांबडी असत आणि ताई धुतलेले कपडे बाहेर वाळत घालत नसे. मग एके दिवशी ट्रक फणसाखाली उभे राहिले ते राहिलेच. आधी त्यांच्यावर निळी ताडपत्री आली, मग टायरांना भेगा गेल्या, मग पुढच्या बंपरपाशी मधुमालतीचा वेल चढला आणि तो कोणी काढला नाही.

त्या वर्षांबद्दल माझे मन आजही एका बाजूला झुकत नाही. विहिरीचे पाणी स्वच्छ झाले, हे खरे आहे. खाणीचा गाळ येऊन पडलेल्या मळ्यांवर कोणीतरी पुन्हा नांगर धरला, हेही खरे आहे, आणि त्याच वेळी चौकातले टायरचे दुकान, चहाचा गाडा आणि गॅरेज एकामागून एक बंद झाले. पण एक गोष्ट मी तिथे जवळून पाहिली आहे. काका भर दुपारी बारा वाजता बनियनवर पडवीत बसलेले असत आणि त्यांना त्याची लाज वाटत नसे, कारण समोरच्या पडवीतही कोणीतरी तसाच बसलेला असे. अख्खा गाव एकदम रिकामा झाला होता. पणजीला मोर्चे जात, बँकेच्या हप्त्यांवरून सभा होत, आणि दिल्ली, पणजी, न्यायालय, खाणमालक, पर्यावरणवाले अशा सगळ्यांना एकाच दमात शिव्या घालता येत. त्या शिव्यांतल्या निम्म्या अन्यायाच्या होत्या, हे काका आता स्वतःच म्हणतात. मात्र रागाला जायला बाहेर जागा होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर, मी ट्रक नीट चालवला नाही म्हणून खाण बंद पडली, असे त्यांच्या मनात कधी आले नसणार.

माझ्या भाच्याच्या मनात नेमके तेच येत होते.

त्याने मला सांगितले ते चतुर्थीच्या आठवडाभर आधी, माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या मांडणीचे, सामान आणायला आम्ही दोघे गाडीने निघालो तेव्हा. मागच्या सीटवर कवंडळे आणि सुपारीचे घड होते, पुढच्या काचेवर वायपर फिरत होता, आणि दोघांनाही समोरच पाहत बसायची सोय होती. त्याने कोणतीही प्रस्तावना केली नाही. जूनच्या अखेरीस पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला होता. समोर त्याचा वरिष्ठ होता आणि एचआरची एक बाई होती, जिला त्याने पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. प्रोजेक्ट थांबवला आहे, तुमची भूमिका आता उरलेली नाही, असे सांगून तिने त्याला राजीनाम्याचा मजकूर पाठवला. तो स्वतःच्या ईमेलवरून जसाच्या तसा परत पाठवायचा होता. पाठवला तर दोन महिन्यांचा पगार आणि अनुभवाचे स्वच्छ पत्र, नाही पाठवला तर पुढे काय ते तिने सांगितले नाही. त्याने पाठवला. संध्याकाळपर्यंत त्याची सगळी खाती बंद झाली होती. कंपनीचा लॅपटॉप कुरियरने गेला. माडीवर उघडलेला असतो तो त्याचा कॉलेजातला जुना. "माझं रेटिंग चांगलं होतं, मामा," तो दोनदा म्हणाला. मग म्हणाला की गेल्या वर्षभरात आपण नोंदलेला एकेक दोष तो रात्री आठवून पाहतो, कुठला सुटला असेल ते शोधतो. धंद्याची सवय त्याने स्वतःवरच वापरायला घेतली होती, आणि जे हाती लागत नव्हते ते तिथे नाहीच, हे मानायला तो तयार नव्हता.

"तुमचा खेळ चालला नसता म्हणून थांबवला का?" मी विचारले. त्यावर त्याने मला जपानच्या टँगो गेमवर्क्सची हकीकत सांगितली. हा स्टुडिओही मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली होता. त्यांचा 'हाय-फाय रश' जानेवारी २०२३ मध्ये आला, समीक्षकांनी आणि खेळाडूंनी तो डोक्यावर घेतला, एप्रिल २०२४ मध्ये त्याला ॲनिमेशनसाठी बाफ्टा मिळाला, आणि मे २०२४ मध्ये स्टुडिओ बंद करत असल्याचे जाहीर झाले. पुढे कोरियाच्या क्राफ्टनने, म्हणजे आपल्याकडे मुले ज्यांचा बीजीएमआय खेळतात त्यांनी, तो स्टुडिओ आणि खेळ घेतला, हा नशिबाचा भाग. "चांगलं काम केलं की नोकरी राहते असं काही नसतं," भाचा म्हणाला. हे वाक्य त्याला दुसऱ्यांविषयी बोलताना अगदी सहज म्हणता आले. जुलैच्या कपातीनंतर एक्सबॉक्समधल्या एका वरिष्ठाने लिंक्डइनवर काय सुचवले होते तेही त्याने हसत सांगितले: नोकरी गेल्याने मनावर येणारा ताण हलका करायला चॅटजीपीटी किंवा कोपायलट वापरून पहा, आणि त्यासाठी काय काय विचारावे याचे नमुनेही दिले होते. लोक इतके भडकले की ती पोस्ट काढून टाकावी लागली. बंगळुरूहून आल्यापासून तो मनापासून हसल्याचे मी तेव्हाच पाहिले.

त्या राजीनाम्याचा विचार मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता, त्यात कामगाराला कमी करायचे तर महिन्याची नोटीस, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि जो शेवटी आला तो आधी जाईल असा क्रम सांगितलेला होता. संगणकावर बसणारा मुलगा कामगार धरायचा की नाही यावर वाद घालता येईल, पण त्याने स्वतःच राजीनामा दिला म्हटल्यावर वादच उरत नाही. अमेरिकेत निदान १९८८ च्या कायद्याने मोठ्या कंपनीला सामूहिक कपातीची ६० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि ती सरकारदप्तरी नोंदली जाते. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या घरच्या वॉशिंग्टन राज्यात त्या जुलैत ८३० जणांची नोटीस निघाली, हे आमोण्याच्या पडवीत बसून मला वाचता येते. तिथल्या परदेशी कर्मचाऱ्याचे हाल निराळेच. एच-१बी व्हिसावर असलेल्याला नोकरी संपल्यापासून साधारण ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर बाडबिस्तरा आवरावा लागतो. पण तिथे मोजदाद तरी होते. माझ्या भाच्याबरोबर किती जण गेले ते कुठल्याही दप्तरात नाही. कागदावर त्या दिवशी काही माणसांनी आपापल्या वैयक्तिक कारणास्तव एकदम राजीनामे दिले, एवढेच घडलेले आहे. जे सामूहिक होते ते कागदावर एकेकट्याचे झाले, आणि तो कागद घेऊन जो तो आपल्या आईच्या घरी माडीवर दार लावून बसला.

चतुर्थीला ताईचे घर भरले. माटोळीखाली पाहुण्यांची ये-जा चालू होती, आतून नेवऱ्या तळल्याचा वास येत होता, आणि प्रत्येक येणारा प्रसाद हातात घेता घेता भाच्याला एकच प्रश्न विचारत होता, सुट्टी किती दिवस? तो "घरूनच काम आहे" असे सांगत होता आणि दर खेपेला माझ्याकडे न पाहण्याची काळजी घेत होता. दुपारी जेवणे आटोपल्यावर पडवीत काका, मेहुणे, मी आणि तो असे चौघेच उरलो, तेव्हा काकांनी सुपारी कातरता कातरता विचारले, "तुमच्यातले किती जण काढले?" तुला काढले का, असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी ते कसे ओळखले ते मला आजही ठाऊक नाही; रिकामा बसलेला माणूस ओळखण्याचा सराव त्यांच्याइतका आमच्या घरात दुसऱ्या कोणाला नाही. भाचा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "चौदा."

मेहुण्यांनी मान खाली घातली. ताई नारळ खवता खवता उठून दारात आली, कधीपासून म्हणून तिने विचारले, आणि त्याने सांगितल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिले. तिच्या त्या पाहण्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. काका मात्र हिशेबात शिरले होते. ग्रॅच्युइटी मिळाली का? नाही, पाच वर्षे भरायला काही महिने कमी पडले. पीएफ? तो आहे. कर्ज? बंगळुरूच्या बँकेतून घेतलेले एक आहे, दर महिन्याच्या सात तारखेला हप्ता जातो. "हप्ता चुकायच्या आधी बँकेत जायचं," काका म्हणाले. "चुकल्यावर गेलं तर बसायला खुर्ची देत नाहीत. आम्ही सगळे चुकल्यावर गेलो." मग त्यांनी कातरी खाली ठेवली आणि विचारले, "कंपनीला तोटा आला होता का?"

"नाही."

"मग कोर्टाची ऑर्डर?"

"नाही, काका."

मी मध्ये पडून सांगू लागलो. नफा असतानाही पैसा एका कामातून काढून दुसऱ्यात कसा घालतात, नव्या यंत्रांवर किती खर्च चालला आहे, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीतही वर्षभरात इतकी माणसे जाऊन शेवटी आकडा कसा तोच राहतो. काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे खाण चालू, ट्रकही चालू, बार्जही भरते आहे," ते म्हणाले, "आणि ड्रायव्हर तेवढा घरी." मी हो म्हटले. त्यांना ते पटले नाही. असे कसे चालेल, असे ते आणखी दोनदा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या पडवीत कोणीतरी भाच्याच्या वतीने चिडलेले मी पाहिले. भाचाही पाहत होता. त्याने काकांना विचारले की ट्रक भंगारात दिले तेव्हा वजनावर भाव ठरला की नगावर, आणि मग त्या दोघांचे बराच वेळ तेच बोलणे चालले.

चतुर्थीनंतर बँका उघडल्या त्या दिवशी दोघे काकांच्या स्कूटरवरून सांखळीला गेले. कर्ज बंगळुरूच्या शाखेचे असल्यामुळे इथे काही होणार नाही असे आधी सांगण्यात आले, मग काकांच्या ओळखीचा एक जण निघाला आणि त्याने अर्ज लिहून घेतला. तीन महिने फक्त व्याज भरण्याची सवलत मागितली आहे. अर्जात कारण लिहायचा रकाना होता. भाच्याने तिथे 'राजीनामा' लिहिले होते. काकांनी ते खोडायला लावून 'कंपनीने काम बंद केले' असे लिहायला लावले, आणि खाली सही करायच्या आधी पुन्हा एकदा वाचून पाहिले.